दोन रकान्यांची पाटी

अमरावतीत आमच्या घरामागच्या गल्लीत बँडचं दुकान होतं. दुपारी बँडमास्तर क्लॅरनेट घेऊन बसले की आई पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि मी गणिताचं पुस्तक मिटायचे. दहा वर्षांची असताना मी त्यांना बजावलं होतं, "माह्या लग्नात तुमीच वाजवजा." ते म्हणाले होते, "पक्कं, बेटी." तेवढं एकच मागणं घेऊन मी मोठी झाले. नवरा कसाही चालला असता!

माझं लग्न ठरलं ती कापसानं वऱ्हाडाला रडवलेली वर्षं. गावोगावी लग्नं लांबणीवर पडत, आणि जी होत ती मोजक्या तिथींवर एकदम. मग बँडवाले एकाच दिवसासाठी तीन-तीन ठिकाणचा इसार घेत. पोट त्यांनाही होतंच. ताफ्याचे तुकडे करत आणि रिकाम्या जागी कुणालाही गणवेश चढवून उभं करत. भातकुलीच्या एका लग्नात मी डोळ्यांनी पाहिलं, चौघं क्लॅरनेट तोंडाशी धरून नुसते गाल फुगवत होते. वाजवत होता एकटाच.

बाबा शाळेत शिक्षक, आणि फावल्या वेळात ग्राहकांची भांडणं भांडायचे. फसलेली माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची. बाबा म्हणायचे, "ग्राहक मंचात तक्रार केली तर निकाल लागेपर्यंत नवरी दोन लेकरांची माय होते. नियम दुकानाच्या दारातच पाहिजे." त्यांनी शहरातले बँडवाले जमवले, चहा पाजला, चार शिव्या खाल्ल्या आणि कबूल करून घेतलं: दारात काळी पाटी, इसार घेतला की गिऱ्हाइकासमोर तिच्यावर नोंद, एका दिवशी एकच लग्न. चुकून दोन झालीच, तर आधी लिहिलं त्याचा बँड. पहिली पाटी आमच्या मास्तरांनी लावली.

माझ्या लग्नाची ओळ बाबांनी स्वतः लिहिली, ठसठशीत अक्षरात: वैशाख शुद्ध दशमी. पंचांगाशिवाय त्यांचं पान हलत नसे. मास्तर मात्र तारीख लिहायचे. दोन ओळी वर तिवशाच्या एका माळ्याच्या मुलीचं लग्न होतं, मे महिन्यातल्या एका तारखेला. दिवस तोच. रस्त्यानं जाणारा-येणारा ती पाटी वाचायचा, पण दोन्ही लग्नं एकाच दिवशी आहेत हे कळलं लग्नाच्या चार दिवस आधी, आणि तोवर शहरातले सगळे बँड ठरून गेले होते.

मास्तर घामानं चिंब होऊन ओट्याशी उभे राहिले. "गुरुजी, अर्धे तिवस्याले पाठवतो, अर्धे इथं. कोनाले समजते?"

मी दाराआड होते. बाबांनी एवढंच विचारलं,

"आधी कोनाचं लिवलं हाय?"

"त्याईचं."

"मंग तिवस्याले जा. सगळे जा."

मी रडतच बाहेर आले. "नेम तुमी करा अन् भोगू मी? काहून?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या पोरीनंई बापाले काईतरी मांगलंच असन."

अकोल्याचा नवरदेव एका ताशावर मांडवात आला. सासरच्यांनी ते मला पुढं वीस वर्षं ऐकवलं. निघताना मी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडले. बाबांच्या फक्त पाया पडले आणि गाडीत बसले. आज त्याची लाज वाटते. ते जाईपर्यंत त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या साली माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिला डीजे हवा होता. मी हट्टानं त्या गल्लीत गेले. मास्तर खाटेवर बसलेले, दात गेलेले; क्लॅरनेट आता त्यांचा मुलगा वाजवतो. पाटी दारातच होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं दोन रकाने आखलेले होते, वर बाबांच्या अक्षरात एकीकडे तिथी, दुसरीकडे तारीख.

"हे कवा झालं?" मी विचारलं.

"तू सासरी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजी रंगाचा डबा घेऊन आले. रेघा आखून राह्यले अन् रडून राह्यले."

मी पाटीजवळ गेले. रकाने दोन्ही कोरे होते. सगळा हंगाम मोकळा.

"लिवाची गरज नाई, बेटी," मास्तर म्हणाले, "आता दुसरं कोनी येतच नाई."

मी खडू उचलला. आधी तिथी लिहिली. मग शेजारी तारीख लिहिली.