व्याह्यांसाठी केलेली वाफेची होडी

माझा आवाज मोठा आहे हे भिगवण रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांना माहीत आहे. बारामतीत माझं पंप-मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी भाव करायला लागलो की समोरचा चहावाला न सांगता चहा पाठवतो, कारण हे लवकर संपणार नाही हे त्याला ठाऊक असतं. मी ज्याच्यावर कधी ओरडलो नाही असा माणूस बारामतीत शोधावा लागेल. इंदापूर तालुक्यात मात्र एक आहे. कळसला मुलगी दिली आहे, तिचे सासरे. सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलीच्या बापानं व्याह्यांपुढं आवाज चढवायचा नसतो. वाढलेलं मुकाट खायचं, बोललेलंही मुकाट खायचं, आणि निघताना हात जोडून "येतो आबा" म्हणायचं. रक्तदाबाची गोळी मला धंद्यामुळं लागली असं घरच्यांना वाटतं. मला विचाराल तर ती कळसमुळं लागली.

आबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. जन्मभर वाफ सांभाळली, त्याचा त्यांना अभिमान, आणि तो असावाच. ते निवृत्त झाले तेव्हा कळसला जेवण होतं. भेट काय न्यावी याचा मी विचार केला. शाल सगळेच आणणार. मी पुण्यात जाऊन पितळेची एक आगबोट आणली, कपाटात ठेवायची. धुराडं, डेक, नांगर, सगळं होतं. दुकानदाराला रडवून आणली होती, त्यामुळं माझाही जीव तिच्यात गुंतला होता.

आबांनी ती हातात घेतली, उलटी केली आणि बुडाला बघत विचारलं, "चालती का?"

"न्हाय आबा. शोभंची हाय."

"मग धुराडं कशाला दिलंय हिला?" पंगत हसली. आबांना हसू आवडतं, ते पुढं बोलले. "पाव्हणं, तुमी घासाघीस लय चांगली करता. वस्तू बी चांगली आणता. पर करत न्हाय तुमी काय. आणनारा आणि करनारा ह्यात फरक असतो."

मी ज्या वयात लेथवर पितळेचे बुश काढायचो, त्या वयात हे कारखान्यात बिल्ला लावून पंख्याखाली बसत होते. हे मला तिथंच बोलायचं होतं. मुलीनं वाढता वाढता माझ्याकडं असं बघितलं, की मी पुरणपोळीचा घास गिळला.

पण तोंडातून एक वाक्य गेलंच. "करून आणतो की. चालनारी. वाफंवर."

"तुमी सोता?"

"मी सोता."

"शेळगावला तुमचं शेततळं हाय न्हवं? ह्या काठाची त्या काठाला गेली, तर ह्याच मंडळींपुढं मी म्हनीन, होडी माझ्या व्याह्यांनी केली. व्हय, म्हनीनच."

मला तेवढंच पाहिजे होतं. ते एक वाक्य, त्यांच्या तोंडून, त्याच मंडळींपुढं.

दुकानाच्या मागं माझा जुना लेथ होता. त्याच्यावर दोऱ्या, डबे, निवडणुकीतली टोपी, काय काय साचलं होतं. ते सगळं काढलं आणि मी कामाला लागलो. भंगारातली जाड तांब्याची नळी कापून बॉयलर केला. दोन्ही तोंडांना पितळेच्या टोप्या बसवल्या. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून गॅसची बंदूक उसनी आणली, पण डाग मीच दिले. तो म्हणत होता, "द्या हिकडं, मी देतो." मी त्याला हाकलला. उद्या कळसला कुणी विचारलं तर डाग दुसऱ्याचा निघायला नको. बॉयलर फुटतो का ते बघायला त्यात पाणी भरून फवारणीच्या पंपानं दाब दिला. फुटला नाही. शेजारचा दुकानदार मात्र शटर ओढून निघून गेला.

जादा वाफ बाहेर जायला काहीतरी वाट लागते. ती मी कुकरच्या शिट्टीनं केली. बायकोचा चांगला चालणारा कुकर त्यात गेला. ती म्हणाली, "अवं, व्याह्यांच्या एका शब्दापायी घरात कच्ची डाळ खायची का?" मी म्हणालो, "नवा कुकर आणतो." ती म्हणाली, "तुमी आणनार म्हंजे दिवाळी उजाडंल. निम्मा गाव फिरल्याबिगर तुमी कुकर घेनार हाय का?"

यंत्र एका सिलिंडरचं. सिलिंडर पाळण्यासारखा झुलतो, आणि झुलता झुलता वाफेचं भोक उघडतो आणि मिटतो. त्याला दट्ट्या, दट्ट्याला चाक, चाकाला दांडा. दांडा होडीच्या बुडातून मागं बाहेर काढायचा आणि त्याला पंखा लावायचा. पण दांडा बाहेर जातो तिथून पाणी आत येतं. हे पंपवाल्याला शिकवावं लागत नाही. दांड्याभोवती पितळी नळी बसवली, तिच्यात ग्रीस ठासलं, तोंडाशी पंपात पाणी अडवायला घालतात ती ग्लँडदोरी भरली. चाक आणि दांडा एका रेषेत येईनात, तेव्हा मधे ठिबकच्या नळीचा तुकडा घातला. ती वाकते, तरीही फिरवते. हे मला सुचलं तेव्हा मी एकटाच दुकानात मोठ्यानं हसलो आणि चहावाल्यानं चहा पाठवला.

राहिला पंखा. तोही मी कापून केला असता, पण पाती सारखी वळेनात. शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. खिळा आणि पंखा विकत घेतल्यानं होडी विकतची होत नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. एका फाटक्या ताडपत्रीवर दोन पितळी पंखे मांडलेले होते. एक मळका, एक चकचकीत. विकणारा म्हातारा म्हणाला, "शेठ, जोडी आहे. एक सुलटा, एक उलटा. तुमचं यंत्र कुठल्या अंगानं फिरतं?"

आता मी या धंद्यात केस पांढरे केलेत. विकणारा असं काही विचारायला लागला की तो आपल्याला दोन्ही गळ्यात मारणार हे मी ओळखतो. मी चकचकीत उचलला. "हा कुठला?"

"तो उलटा. चाकाच्या अंगाप्रमाणं घ्या शेठ, नाहीतर..."

"उलटा हाय व्हय? मग भाव बी उलटा लाव."

त्यानं भाव उतरवला. आणखी उतरवायला लावला. पाटसपर्यंत मी गाडीत शीळ घालत होतो. आजही माझं म्हणणं आहे की त्या म्हाताऱ्यानं ते भावाची गोष्ट निघायच्या आधी सांगायला हवं होतं. भावाच्या मधे सांगितलेलं कोण खरं मानतं?

पत्र्याची होडी वाकवली, रंग दिला, घरच्या हौदात सोडून बघितली. गळली नाही. हौद इतका तोकडा की तिथं चालवणं शक्यच नव्हतं. म्हणून यंत्र टेबलावरच चालवलं. स्पिरिटचा दिवा पेटवला, पाणी उकळलं, चाकाला बोटानं टिचकी मारली आणि ते फिरायला लागलं. टकटक टकटक. पंखा असा फिरला की त्याचा वारा होडीवरून येऊन दिवाच फडफडायला लागला. मी बायकोला म्हणालो, "ताकद बघ." ती म्हणाली, "बघितली. वरण कशात लावू?"

हुरड्याला मी कळसच्या सगळ्या मंडळींना शेळगावच्या रानात बोलावलं. त्या पंगतीत हसलेला एकही माणूस मी सोडला नाही. वरकुट्याच्या माझ्या साडूला तर आणायला गाडी पाठवली, कारण तो सगळ्यात जास्त हसला होता. आगटी पेटली, कणसं भाजली, चटण्या वाटल्या, पण सगळ्यांचे डोळे तळ्याच्या काठावर झाकून ठेवलेल्या होडीवर. मी फडकं काढलं.

आबा खुर्चीवरून उठून आले. होडीभोवती एक फेरी मारली. मग वाकले आणि त्यांचा हात पुढं आला.

"हात लावायचा न्हाय आबा. मागनं म्हनाल, मीच केली."

त्यांनी हात मागं घेतला आणि पाठीशी बांधला. "पानी कुठलं घातलंय?"

"बोरचं."

"बोरचं पानी बॉयलरात?" जणू मी नातवाला ताडी पाजली होती. "क्षार बसंल की वं आतनं."

"एका फेरीत काय बसत न्हाय."

दिवा पेटवला. वाफ धरली. होडीचं नाक पलीकडच्या काठाकडं करून मी चाकाला टिचकी मारली आणि सोडली. टकटक करत होडी सुरू झाली आणि सरळ माझ्याकडं आली. तळ्याला अंथरलेल्या प्लॅस्टिकला काठाशी धडकली आणि तिथंच ढुशा द्यायला लागली.

मी पुन्हा लोटली. ती पुन्हा आली.

"दाजी," साडू म्हणाला, "तिला घरची वढ लय हाय."

कळसची मंडळी हसली. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. आबा मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, पंखा उलटा हाय. वाफ आत नेनाऱ्या आणि भाईर सोडनाऱ्या नळीची अदलाबदल करा. यंत्र उलटं फिरंल, होडी सुलटी जाईल. चहा व्हायच्या आत व्हतंय."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. पण त्यांच्या सांगण्यावरून नळ्या बदलल्या असत्या तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, की आबांनी सांगितलं म्हणून चालली. मग ते वाक्य मला कशाला मिळालं असतं? मी खाली बसलो, होडी उचलली, फिरवली, तिची पाठ पलीकडच्या काठाकडं केली आणि सोडली.

ती निघाली.

"आवं, ही रिवर्स चाललीय!" साडू ओरडला.

"ठरलं काय व्हतं आबा?" मी म्हणालो. "ह्या काठाची त्या काठाला. तोंड कुठं करून, ते ठरलं न्हवतं."

होडी पाठमोरी चालली होती, पण नीट चालली होती. जावई म्हणाला, "ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून इतकी सरळ रिवर्स आपला ड्रायव्हर बी घेत न्हाय." मधोमध गेल्यावर कुकरची शिट्टी झाली. आगटीजवळच्या बायकांपैकी कुणीतरी सवयीनं म्हणालं, "गॅस बारीक करा गं," आणि हुरडा सोडून सगळ्या काठावर आल्या. मागचं बूड बसकं, त्यामुळं पाणी आत उड्या मारत होतं. दिवा फडफडत होता. मी मनात टकटक मोजत होतो. आबाही मोजत असावेत, कारण त्यांचे ओठ चाकाच्या ठेक्यात हलत होते.

टेकली. पलीकडच्या प्लॅस्टिकला टेकली. जावयानं बांधावरून पळत जाऊन आकडीनं ती काढून आणली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी आबांकडं वळलो.

आबा म्हणाले, "पोचली खरी. पर ह्याला चालनं म्हनत न्हाईत. ह्याला माघार म्हनत्यात."

तेव्हा माझा आवाज गळ्यापर्यंत आला होता. बारामतीत ऐकू गेला असता. मुलगी आगटीशी उभी होती, हातात कणसं तशीच, माझ्याकडं बघत. मी तोंड मिटलं. आणि तोंड मिटल्यावर डोळे कामाला लागतात, तसं मला दिसलं: आबांचे हात पाठीशी बांधलेले होते, पण उजव्या हाताची बोटं हवेत काहीतरी पिळत होती. व्हॉल्व्ह पिळावा तशी.

असं गिऱ्हाईक मी रोज बघतो. तोंडानं नको म्हणतं आणि हात मालावर जातो.

मी आवाज एकदम खाली आणला. "आबा, नळ्या बदलून सुलटी चालवून बघायची का? तुमच्या हातानं? पर आधी ते म्हना. मोठ्यानं."

माझं पुरतं बोलून व्हायच्या आत आबा मंडळींकडं वळले आणि बॉयलरच्या आवाजात ओरडावं तसे ओरडले, "ऐका रं समदी! ही होडी माझ्या व्याह्यांनी केली! सोता केली!" आणि त्याच दमात मला म्हणाले, "पाना कुठाय?"

नंतर दुपारभर आबा तळ्याच्या काठावर गुडघ्यावर बसून होते. नळ्या बदलल्या, माझ्या घरचं फिल्टरचं पाणी मागवून भरलं, ग्लँडदोरी पुन्हा ठासली. होडी नाक पुढं करून जायची, जावई ती आणून द्यायचा, आबा पुन्हा सोडायचे. हुरड्याला हात लावला नाही. सांजच्याला निघताना त्यांनी होडी मांडीवर घेतली आणि गाडीत बसले. द्या म्हणाले नाहीत, नेतो म्हणाले नाहीत. मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

बारामतीकडं परतताना बायको म्हणाली, "झालं न्हवं मनासारखं? मग तोंड का असं?"

मी गाडी चालवत होतो, पण डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आबा क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. मी मागितलं आणि त्यांनी दिलं. गिऱ्हाईक असं पटकन हो म्हणालं, तर मला घरी झोप येत नाही, कारण आपण कमी मागितलं हे तेव्हा कळतं. पाना दाखवून मी त्यांच्याकडून अजून एक वाक्य काढू शकलो असतो. पंगतीतलं ते आणनारा-करनाराचं बोलणं मागं घ्यायला लावू शकलो असतो. तेही त्यांनी त्याच दमात दिलं असतं.

बायको म्हणाली, "मग उद्या फोन करून मागा की."

"उद्या?" मी म्हणालो. "माल त्यांच्या घरी गेला. आता कशाच्या जिवावर मागू?"