दसऱ्यानंतरची टकटक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकुर्लीच्या घरात कॉम्प्युटर सुरू केला आणि आतून टकटक ऐकू येऊ लागली. सारख्या अंतराने, न थांबता.

भीती एकाच गोष्टीची होती. पत्नीने आजारपणात माझ्यासाठी बावीस लहान रेकॉर्डिंग करून ठेवली होती. कुठली डाळ कुठल्या डब्यात, कुलदेवतेचा नैवेद्य कसा, असली. तिचा फोन पुढे बिघडला. राहिली ती या डिस्कवरची. दीड वर्षात मी त्यातली नऊच ऐकली होती. संपू नयेत म्हणून. वर्तमानपत्रात आयुष्यभर प्रत्येक मजकुराची दुसरी प्रत ठेवली, यांची ठेवली नाही.

डोंबिवलीच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने फोन मशीनजवळ धरायला सांगितला.

"काका, सीपीयूला थोबाडीत नाही ना मारली? सगळे आधी तेच करतात."

"नाही," मी म्हणालो. दोनदा मारली होती.

"पंखा असेल, नाहीतर डिस्क. बाजूचं झाकण काढा. पेन्सिलीच्या रबराने पंखा मधोमध दाबून थांबवा, दोनच सेकंद. टकटक थांबली तर पंखा. चालू राहिली तर लगेच बंद करून घेऊन या."

पंखा थांबवला. टकटक थांबली.

मशीन बंद करून टॉर्च मारला. पात्याच्या कडेला तांदळाचा लाल दाणा कुंकवाने चिकटला होता.

"तांदूळ?" तो हसला. "काका, भात लावलात काय आत?"

आदल्या दिवशी मी पूजा केली होती. दरवर्षी ती करायची. गेल्या दसऱ्याला तिला जाऊन वर्ष उलटलेले नव्हते, म्हणून केली नाही. यंदा झेंडूचे फूल, हळदकुंकू आणि वरून अक्षता.

दाणा चिमट्याने काढला. बावीसही रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. ती शाबूत आहेत का हे पाहण्यासाठी एक लावणे भाग होते. दहावे लावले.

"अहो, दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा कराल, तेव्हा अक्षता वरून टाकू नका. वर जाळी आहे, आत पडतात. मी आधी पुठ्ठा ठेवायचे. तुम्ही कधी बघितलं नसेल."

मागे कुकरची शिटी ऐकू येते. तिथे ते संपते.

बारा उरली.