चिंचेतला दस्ता

बनशंकरीतली जुनी चिंच रस्तारुंदीत जाऊ नये म्हणून आम्ही तिच्याखाली धरणं धरलं होतं. एक गृहस्थ रोज संध्याकाळी यायचा. खोडावरून हात फिरवायचा, बोटाने ठोकून कान लावायचा. मोठा वृक्षप्रेमी समजून मी त्याला पत्रक दिलं, वर चहाही पाजला.

शेवटी विचारलंच. बेळगावी मराठीत म्हणाला, "रायफलीचे दस्ते करतो की हो मी. अक्रोडाचे सगळेच करतात. चिंचेच्या पोटात काळं लाकूड असतंय. फांदी फुटते तिथला नक्षीचा तुकडा पाहिजे बघा."

शिकारीला बंदी, म्हणजे कुणा कॉफीमळेवाल्याच्या भिंतीवर टांगायच्या बंदुकीला ही नक्षी!

"आणि झाड वाचलं तर?"

"वाचू दे की, अण्णा. पण तुम्ही बसता ते झाड पडतंयच. म्हणून तर तुमच्या मागनं फिरतो."

पोलीस बंदोबस्तात चिंच पाडली. आम्ही घोषणा देत होतो आणि हा निर्लज्ज माणूस आपल्या ओंडक्याला, चिरा पडू नयेत म्हणून, मेण फासत होता. मग वर बघून म्हणाला, "हात लावा की जरा, स्वल्प जड आहे."

आमच्यातल्या दोघांनी लावलासुद्धा.