मामाजी आणि संशयित घोडी

ज्याच्यावर माझ्या बायकोच्या मामांनी संशय घेतलेला नाही, असा माणूस, प्राणी किंवा पदार्थ नागपूर शहरात अजून सापडायचा आहे. मी त्यांना मामाजी म्हणतो. सारी हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेली, आणि निवृत्त होऊन सक्करदऱ्याच्या घरी बसल्यावरही त्यांची नजर ड्यूटीवरच राहिली. संत्री घेताना ते संत्र्यांकडे न बघता विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघतात. ब्लडप्रेशर वाढलंय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्यांनी त्याच यंत्रावर डॉक्टरांचं ब्लडप्रेशर मोजायला लावलं. ते आणखी जास्त निघालं. "पाह्यलं जवाईबापू? मशीन मिळालेली आहे," ते मला म्हणाले, कोणाला मिळालेली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मामीजींचं तर म्हणणं, "चहात साखर कमी पडली तरी विचारतेत, काहून वं, कोणाच्या सांगण्यावरून?"

अशा माणसाला घोड्यांच्या शर्यतींचा नाद लागावा यात नवल नाही, कारण इतका संशय एका जागी दुसरीकडे कुठे मिळणार? नोकरीत असताना एक विनातिकीट प्रवासी त्यांना पाहून उतरून पळाला आणि बाकावर शर्यतीचं पुस्तक विसरून गेला. मामाजींनी ते चाळलं. प्रत्येक घोडा मागच्या वेळी का हरला याचं कारण त्यात छापलं होतं: वजन जास्त होतं, मैदान ओलं होतं, सुरुवातीला अडखळला. "बारा घोडे अन् बारा बहाणे! मी म्हटलं, ह्या तर आपल्याच डब्यातल्या सवाऱ्या आहेत." तेव्हापासून ते शर्यतींचा अभ्यास करतात. त्यांनी पैसा मात्र कधीच लावला नाही. पैसे लावणं म्हणजे कटात सामील होणं, असं त्यांचं मत.

पुण्याच्या शर्यतींचा मोसम सुरू झाला की ते महाल भागातल्या एका झेरॉक्सवाल्याकडून शनिवार-रविवारच्या शर्यतींची यादी मोठ्या अक्षरात काढून आणतात. मग लाल आणि निळी पेन्सिल घेऊन बसतात. कोणाच्या पाठीवर किती वजन, कोण आतल्या कठड्याजवळून सुटणार, कोणाला चौदाशे मीटरचा दम आहे, सगळं तपासतात. लाल खूण म्हणजे शंका, दोन लाल खुणा म्हणजे दाट शंका, आणि निळी खूण म्हणजे शंका घ्यायला जागा नाही म्हणूनच जास्त शंका. मी एकदा विचारलं, "मग जिंकणार कोण, मामाजी?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "जवाईबापू, तुम्ही लई भोळे आहा. जिंकणारा तर सगळ्यायले दिसते. न जिंकणारा काहून नाही जिंकला, ते पाहा लागते."

घोड्यांवरचा हा संशय यादीपुरता राहत नाही. एका भाच्याच्या लग्नात नवरदेव घोडीवर चढणार एवढ्यात मामाजींनी वरात थांबवली, बॅण्ड बंद करायला लावला आणि घोडीला चार पावलं चालवून पाहिलं. "मागच्या डाव्या पायानं लंगडून राहिली. नवरदेवाचे पाय बरे आहेत, त्याले चालू द्या." नवरदेव चालत गेला, घोडी त्याच्या मागून मोकळी चालली, आणि सासरकडच्यांना ही आमच्या घरची रीतच वाटली.

दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांच्या शंकेला एक नाव मिळालं. रानजाई नावाची घोडी होती. ती सात वेळा धावली आणि सातही वेळा वळणावर सगळ्यांच्या पुढे आली; पण शेवटच्या दोनशे मीटरवर तिला पुढे रेटणारे जॉकीचे हात एकदम थंड पडायचे आणि ती चौथी-पाचवी यायची. मामाजींनी मोबाइलवर ते चित्रण थांबवून थांबवून इतक्यांदा पाहिलं की मामीजींनाही तो जॉकी पाठमोरा ओळखू येऊ लागला. "विकला गेलेला आहे हा माणूस," मामाजींनी निकाल दिला, आणि शर्यतीच्या पंचांच्या नावानं चार पानी तक्रार तयार केली. टपालावर अर्थातच त्यांचा विश्वास नव्हता. योगायोगानं पुण्यात आमच्या नात्यात साखरपुडा निघाला. मामाजी कधी साखरपुड्याला जात नाहीत. या खेपेस सर्वांत आधी त्यांची बॅग भरली होती, आणि तिच्यात आहेराऐवजी फाईल होती.

शनिवारी सकाळी पुण्यात उतरलो आणि त्यांनी मला थेट रेसकोर्सवर नेलं. घोड्यांचा सराव संपत आला होता. फाटकाबाहेरच्या टपरीवर एक छोटासा, पंचेचाळिशीचा माणूस चहा पीत उभा होता. मामाजींनी त्याला पाठीवरूनच ओळखलं. मी त्यांचा हात धरायच्या आत ते त्याच्यासमोर उभे होते.

"तुम्ही रानजाईवर बसता ना? शेवटच्या दोनशे मीटरले तुमचे हात काहून थांबतेत?"

तो जॉकी आता शिवी देणार असं मला वाटलं. त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं, मग चहाचा ग्लास खाली ठेवला. "कुठून आलात काका?"

"नागपूरवरून."

"नागपुरात बसून दिसलं तुम्हाला? इथं दुर्बिणी लावून बसतात, त्यांना नाही दिसलं." त्यानं आवाज खाली आणला. "तिच्या पुढच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी आहे. वळण संपलं की तिची चाल बदलते, ते मला मांडीखाली कळतं. मालकांना सांगितलं, ट्रेनरना सांगितलं. ते म्हणतात, घोडी ठणठणीत आहे, तूच म्हातारा झालास. मी चाबूक मारला तर येईलही ती पहिली. पण अशीच एक आली होती माझ्याखाली. पहिली आली आणि तिथंच पाय मोडून बसली. पुन्हा उठली नाही."

"हे खरं कशावरून?" मामाजींनी विचारलं.

मला शरम वाटली. जॉकी मात्र रागावला नाही. रानजाईची निगा राखणारा मोतद्दार समोरूनच त्या तांबड्या घोडीला फिरवत नेत होता, त्याला त्यानं हाक मारली. मामाजी खाली वाकले. त्यांनी डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला, मग उजव्यावर, मग पुन्हा डाव्यावर. घोडीनं मान वळवून त्यांच्या टकलाचा वास घेतला.

"उजवा गरम आहे," मामाजी हळूच म्हणाले.

"तासाभरानं थंड होतो. डॉक्टर येतात तेव्हा थंडच असतो." जॉकीनं मामाजींच्या काखेतल्या फाईलकडे बोट दाखवलं. "तक्रार आहे ना? द्या. घोडी मुद्दाम मागे ठेवतो, नियमानं चूक माझीच आहे. माझं लायसन्स जाईल. मग दुसरा बसेल तिच्यावर, आणि तो मारेल."

रस्त्याच्या कडेला बसून मामाजींनी ती चार पानं फाडली आणि माझ्याकडून कोरा कागद मागून नवा अर्ज लिहिला. त्यात जॉकीचा उल्लेख नव्हता. 'या घोडीचा पुढचा उजवा गुडघा सराव संपताक्षणी तपासावा, तासाभराने नव्हे,' एवढंच. रेसकोर्सच्या कार्यालयातला बाबू म्हणाला, ठेवून जा. मामाजी म्हणाले, पोच द्या. तो म्हणाला, साहेब नाहीत. मामाजी म्हणाले, बसतो. तिकडे साखरपुडा झाला, जेवणावळी उठल्या, आणि दुपारी साहेब आल्यावर सहीशिक्क्याची पोच घेऊनच आम्ही तिथून हललो.

रविवारी रानजाई धावली. एक अर्ज काल आला म्हणून आज घोडी थांबवत नाहीत. वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती. मामाजींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा रुतला. शेवटच्या दोनशे मीटरवर जॉकीचे हात थांबले, एकेक करत चार घोडे पुढे निघून गेले, आणि ती पाचवी, पण चारही पायांवर, रेषेपार आली. आमच्या मागचा एक गृहस्थ ओरडला, "चोर आहे! विकला गेला!" मामाजी गर्रकन वळले. इतका संताप मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "ओ भाऊ, तुमाले काय माहीत गा? तुम्ही हात लावून पाह्यला काय?" मग कठडा धरून बराच वेळ खाली बघत राहिले. असं ओरडण्यात त्यांचे दोन मोसम गेले होते.

महिन्याभरानं मी सक्करदऱ्याला गेलो, तेव्हा यादीत रानजाई नव्हती. जॉकीचा मामाजींना निरोप आला होता: सराव संपताच तपासलं, हाडात बारीक चीर निघाली, मालकांनी तिला कायमचं एका फार्मवर सोडलं. मामाजींना अर्थात पटलं नव्हतं. "फार्म म्हणजे नेमकं कुठं? तिथं गवत आहे काय? पाह्यलं कोणं?" त्यांनी फोटो मागवला होता, आणि तो माझ्यासमोरच आला. एका उतारावर तांबडी घोडी मान खाली घालून चरत होती. मामाजींनी बोटांनी फोटो मोठा केला, तिचे चारही पाय एकेक करून तपासले, गवतसुद्धा तपासलं.

"उभी तर बरी आहे," ते म्हणाले.

मामीजी चहा ठेवून गेल्या. समोर बाकीच्या घोड्यांची यादी पसरलेली होती, पण त्या दुपारी मामाजींनी पेन्सिल उचलली नाही. मी उठलो तरी ते तो फोटोच बघत होते, आणि चहा गार होत होता.