माती चाळणारा शेजारी

अगं, जवळ ये, अशी दारात काय उभी? रोझ हिलला नांदायला गेलीस नि ग्रां बुआ गावची, माहेरची वाट विसरलीस होय? बस, आपल्या शेजाऱ्याचं सांगते.

तो डोंगरावरच्या जंगलात रोपं लावतो. मुठीत माती चुरायचा नि तिलाच बोलायचा, "वर बोटभर काळी, खाली नुसते खडे! पाणी पितेस नि लगेच सांडतेस, बये." आम्ही हसायचो.

गेल्या साली त्याची तान्ही पोर गेली. एवढ्या लहानग्यांना आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. त्या दिवशी हा माझ्या दारात, "वहिनी, पिठाची चाळण द्या." सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, मग चाळण कशाला? न विचारताच दिली. परसातून बघितलं, तर डोंगराच्या उतारावर खड्ड्याशी बसून तो माती चाळत होता. माणसं म्हणाली, "आटप रे, ऊन उतरलं." तो म्हणाला, "थांबा जरा. खडे टोचतील तिला, टोचतील."

पुढच्या खेपेला तुझ्या बाळाला घेऊन लवकर ये गं. तो कडेवर घेणार नाही, लांबूनच बघेल. बघू दे.