डाव्या हाताची धार

निलंग्याहून लातूर आणि लातूरहून नांदेड असा एसटीचा सगळा प्रवास मी एकदा मांडीवर उघडा चाकू घेऊन केला आहे. चाकू डब्यात होता, डबा पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर होती. कुणाशी भांडायला निघालो नव्हतो. चाकू मिटत नव्हता, एवढंच. शेतात मेहुण्यासमोर तो मोठ्या ऐटीत उघडला होता. काम झाल्यावर मात्र पातं काही केल्या मुठीत जाईना. मुठीच्या आत एक पोलादी पट्टी असते, ती अंगठ्यानं बाजूला सारली की पातं मिटतं, हे दुकानदारानं दाखवलं होतं. पण त्याचा अंगठा जिथं आपसूक पोचत होता, तिथं माझा जाईना. मेहुण्याला विचारायची लाज वाटली. शेवटी पोळ्यांचा रिकामा चौकोनी डबा उघडला, चाकू कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका बसवला, झाकण दाबलं आणि "निघतो, गाडीची वेळ झाली" म्हणालो.

घरी बायकोनं घासायला म्हणून डबा उघडला. आत वाकून बघितलं.

"पोळ्या एवढ्या वातड झाल्या होत्या का?" तिनं विचारलं.

हा चाकू घेतला होता तिच्याच आंब्यासाठी. तिचं माहेर निलंग्याजवळच्या खेड्यात. तिथं विहिरीच्या काठावर एक जुना आंबा होता. घरात त्याला 'दगड्या' म्हणत. पिकल्यावर तोंडात धरवणार नाही असा, पण कैरीचं लोणचं घातलं तर दोन वर्षांनीही फोड करकरीत. सासूबाई होत्या तोवर दर उन्हाळ्यात कैऱ्यांचं पोतं एसटीनं नांदेडला यायचं. त्या गेल्यावर मेहुणा पाठवायला लागला. आमच्या कॉलनीत बायकोची जी काय पत आहे ती या लोणच्यावर आहे. माझी पतही त्यावरच आहे, पण तो विषय नको.

यंदा वैशाखातल्या वादळात दगड्या अर्धा मोडला. खोड आतून पोकळ निघालं आणि उरलेला अर्धा भाग मोटारीच्या खोलीवर कलला. मेहुणा फोनवर म्हणाला, "आक्का, पोळ्यापस्तोर ठिवतो. मग कापावंच लागंल. खोलीवर आला तर मोटर बी जाईल आन खोली बी."

बायकोनं वाद घातला नाही. फोन ठेवून म्हणाली, "पोळ्याच्या आत त्याची कलमं बांधून घ्यायची. एक तरी जगलं पाहिजे." आणि कुणाला बोलवावं याचा विचार करायला लागली.

इथं मी बोललो. "कुणाला कशाला? मी आहे की."

मी ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. कलम बांधण्याचा धडा मी इतकी वर्षं शिकवत आलो की तो आता झोपेतही शिकवू शकेन. विद्यार्थी तसाच ऐकतात. फळ्यावर मी शेकडो कलमं बांधली आहेत आणि त्यातलं एकही मेलेलं नाही. प्रत्यक्षात एकही बांधलेलं नव्हतं. मी डावरा. फळ्यावर लिहिताना माझाच तळहात माझंच लिहिलेलं पुसत पुढं जातो, त्यामुळे माझी आकृती उतरवून घ्यायची तर पोरांना घाई करावी लागते. कात्री माझ्या हातात कापत नाही, कापड चावते. या सगळ्याचा अर्थ मी एकच लावला होता: आपला हात जरा अडाणी आहे. आई जेवताना हातावर चापट मारून हेच सांगायची.

तर आषाढात एकटाच गेलो. गाडी गॅरेजात होती, म्हणून एसटीनं. वाटेत लातूरला उतरून शेतीच्या औजारांच्या दुकानातून कलमाचा म्हणून मिळतो तो घडीचा चाकू घेतला. मेहुण्यानं गावरान आंब्याची वर्षाची रोपं पिशव्यांत तयार ठेवली होती. रोपाचा शेंडा उडवायचा, दांड्याला मधोमध चीर द्यायची, दगड्याच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, पाचर चिरेत बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. ऐकायला सोपं आहे. मी तर ते वर्षानुवर्षं ऐकवतच आलो होतो. एक डझन कलमं बांधली. मेहुणा बाजूला उकिडवा बसून बघत होता.

"दाजी, पाचर जरा वाकडी वाटायली."

"ती तशीच असते," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "दाजी, समदी काळी पडली हो. एक न्हाई राहिलं." मग माझं मन राखायला म्हणून की काय, "डाव्या हाताचं झाडाला मानवत नसंल."

फोन स्पीकरवर होता. बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं ओटा पुसायला घेतला, आणि तेच मला लागलं. आंबा तिचा, भाऊ तिचा, आणि मधे पडून बारा काड्या वाया घालवल्या मी. उरलेल्या अर्ध्या झाडावर आता एकच फांदी धड होती. तिनं गुपचूप लातूरकडच्या मुरुडच्या एका नर्सरीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, केशरची कलमं चालू आहेत, मान वर करायला सवड नाही, दिवाळीनंतर या. दिवाळीनंतर झाडच नसणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली ती हातात कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन. ती भूमिती शिकवते. "कशी कापली होती ते दाखवा," म्हणाली.

मी डहाळी तासली. तिनं कंपासमधली स्टीलची पट्टी काढली, कापलेल्या भागावर उभी टेकवली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"मधे पूल झालाय," ती म्हणाली. "दोन्ही टोकं टेकतात आणि मधून उजेड दिसतो. काडी आणि रोप चिकटणार कुठं?"

दुसरी तासली. पूल. तिसऱ्या वेळी उजव्या हातानं प्रयत्न केला. डहाळीला काही झालं नाही, डाव्या अंगठ्याला झालं. पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "हात राहू द्या. चाकूच भिकार असेल, दुसरा आणा."

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला पोलादी कडी, किरपाणं आणि चाकू विकणाऱ्या दुकानांची ओळ आहे. त्यातल्या एका लहानशा दुकानात एक वयस्कर सरदारजी बसतात. जन्म नांदेडचा, त्यामुळे मराठी आपल्यासारखी, त्यात दखनीची फोडणी. मी पिशवीची चेन उघडून जुना चाकू काचेवर ठेवला आणि म्हणालो, कलमासाठी घडीचा चाकू पाहिजे, याच्यापेक्षा बरा.

त्यांनी चाकूकडं पाहिलंही नाही. माझ्या हाताकडं पाहिलं. "कोणत्या हाताचा दाखवू, सर?"

"चाकूला हात असतो?"

"चाकूलाच असतो. आपल्याला तर दोन-दोन हाईत." मग त्यांनी जुना चाकू उचलला, एक डोळा मिटून पात्यावरून नजर फिरवली. "हा पक्का उजव्या हाताचा. हे बघा, नख घालायची खाच एकाच बाजूला. मिटवायची पट्टी उजव्या अंगठ्याखाली. तुम्ही डाव्या हातात धरला की अंगठा बाहेरच राहनार, बोट वापरावं लागतं. आन धार बघा. हे अंग सपाट, हे अंग उतरतं. उजव्या हातात सपाट अंग लाकडावर बसतं, काप सरळ जातो. तुमच्या हातात उतरतं अंग खाली येतं. मग चाकू लाकडावरून घसरगुंडी खेळतो. तुमचा कसूर न्हाई, सर."

दुकानदार गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतो, हे मला कळतं. तरीसुद्धा, "काय म्हणालात?" असं विचारून मी ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. पन्नाशी गाठेपर्यंत ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी एक खोका उपडा केला आणि आम्ही तासभर चाकू उघडत-मिटत बसलो. मी आयुष्यात एवढ्या चोखंदळपणे काही निवडलं नसेल. साड्या घेताना तर मी बाहेरच उभा असतो. एकाच्या पात्याला अंगठ्यासाठी घुंडी होती, पण ती माझ्या बोटांच्या बाजूला यायची. दुसऱ्याची खिशाला अडकवायची पट्टी अशी बसवलेली की डाव्या खिशात चाकू पाठमोरा राहायचा आणि काढला की हातात उलटा यायचा. तिसरा उघडला झकास, मिटवताना मात्र पुन्हा तीच आतली पट्टी, तोच माझा बाहेर लटकणारा अंगठा. सरदारजी न कंटाळता एकेक बाजूला सारत होते. शेवटी त्यांनी लाकडी मुठीचा एक साधा चाकू पुढं केला. पात्याला आरपार भोक, कुठल्याही बाजूनं अंगठा घालावा. आणि मिटवायची कळ मुठीच्या पाठीवर, बरोबर मधोमध.

"पाठीला डावं-उजवं नसतं," ते म्हणाले.

मी डाव्या हातानं उघडला, डाव्या हातानं मिटवला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटवला. शेजारचं गिऱ्हाईक जरा सरकून उभं राहिलं. धार मात्र दोन्ही अंगांनी उतरती होती, ती कलमाला उपयोगाची नव्हती. सरदारजींनी मागच्या चाकावर बसून पात्याचं उजवं अंग घासून सपाट केलं आणि डाव्या अंगाला उतार दिला, म्हणजे जुन्या चाकूच्या बरोबर उलट. कामाच्या मधे एकदा मान वर करून म्हणाले, "आता हा कुणा उजव्याला देऊ नका. त्याला वाटंल आपला हात खराब झाला."

आता मी कुणाही डावऱ्याला न अडखळता सल्ला देतो. दुकानात चाकू बघायला हातात घेतलात की आधी मिटवून बघा. उघडायला सगळे उघडतात. कळ पाठीवर असेल तर अर्धं काम झालं. आणि एका बाजूची धार असेल तर ती आपल्या बाजूची करून घ्या, संकोच करू नका; चाक दोन्हीकडं घासतं. कॉलेजातला एक डावरा शिपाई हे ऐकून सरळ जाऊन चाकू घेऊन आला. तेवढं माझं शिष्यमंडळ.

घरी परीक्षा झाली. कडुलिंबाची डहाळी, एक काप, स्टीलची पट्टी, खिडकी. बायकोनं पट्टी टेकवली आणि डोळा बारीक केला.

"पुन्हा," म्हणाली.

पुन्हा कापली. तिनं पट्टी फिरवून दुसऱ्या कडेनं लावली.

"पुन्हा."

डहाळ्या संपत आल्या तेव्हा तिनं पट्टी कंपासमध्ये ठेवली. "उजेड नाही दिसत. रविवारी जाऊ. दादाला सांगते, काड्या झाडावर असतानाच त्यांची पानं आज काढून ठेव म्हणून, म्हणजे डोळे फुगतील."

भाऊ तिच्याहून लहान आहे, पण आक्का-दादाचा हा हिशेब त्यांच्या घरात असाच चालतो.

रविवारी त्या एका फांदीवरून नऊ चांगल्या काड्या निघाल्या. मेहुणा पुन्हा उकिडवा बसला. पहिली पाचर झाल्यावर त्यानं ती हातात घेतली, नखावर टेकवून बघितली, परत दिली आणि पुढची काडी उचलून तयार धरली. बायको चिरेत काडी बसली की दोन बोटांनी धरून ठेवायची, मी पट्टी गुंडाळायचो. तिची बोटं आणि माझं पातं एकमेकांच्या इतकं जवळ पूर्वी कधी आलं नव्हतं, पण तिनं एकदाही हात मागं घेतला नाही. नऊही पिशव्या गाडीच्या मागच्या सीटवर उभ्या करून आम्ही नांदेडला आणल्या आणि गॅलरीत सावलीला मांडल्या.

पोळा आला तेव्हा कलमांना दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. तीन काळी पडली होती. बाकीच्या सहा नुसत्या हिरव्या, मुक्या काड्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला. देवणी बैलांच्या जोडीला कसं सजवलं ते त्यानं आधी सांगितलं, मग म्हणाला, "आक्का, कापला आज."

"आतून किती पोकळ होता?"

"माणूस बसंल एवढा."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. फोन ठेवून गॅलरीत गेली आणि पिशव्यांपाशी पाटावर बसली. आता त्या आंब्याचं जगात जे काही होतं ते त्या सहा काड्यांत. मी मागोमाग जाऊन सांगायला लागलो की जोड पक्का व्हायला तीन आठवडे लागतात, आत पेशी...

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

पुढच्या दिवसांत आणखी दोन कुजली. मला सारखं टोपी उचलून बघावंसं वाटायचं. काडीवर प्लास्टिकची पिशवी घालतात तिला टोपी म्हणतात. बायकोनं माझ्यासाठी गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं. एका सकाळी कॉलेजला निघालो असताना तिनं हाक मारली, मोठ्यानं नाही. एका काडीच्या टोकाला डोळा फुगून फुटला होता आणि त्यातून तांबूस, ओलसर, नखाएवढी दोन पानं बाहेर आली होती. आठवडाभरात उरलेल्या तिन्ही काड्या फुटल्या.

चार दगडे. त्या दिवशी जो घरी येईल त्याला मी गॅलरीत नेलं. पात्याचं सपाट अंग, उतरतं अंग, पाठीवरची कळ, उजेडाची परीक्षा, सगळं चाकू उघडून-मिटवून सांगितलं. दूधवाल्यालाही सांगितलं. संध्याकाळी बायकोलाच पुन्हा सांगायला लागलो की बघ, हात चुकीचा नव्हताच, आणि ही गोष्ट इतकी वर्षं मला कुणी...

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला.

"हाताचं झालं आता," ती म्हणाली. "पहिली कैरी यायला चार-पाच वर्षं आहेत. पाणी कोणत्याही हातानं घातलं तरी झाडाला कळत नाही. रोज सकाळी तुम्ही घालायचं."