करंड्याखालचा सूर

आमच्या दोन खोल्यांत आई, मी आणि माझे तीन सिंथेसायझर राहतो. एक दिवाणात गोधड्यांखाली, एक कपाटावर आणि एक दाराआड, त्यामुळे दार कधी पुरतं उघडत नाही. खिडकीजवळची ऐसपैस जागा आईच्या शिलाई मशीनची. तिथे मला मज्जाव.

दसऱ्याला मात्र तिघेही पूजेसाठी बाहेर येतात. यंदा पुसता पुसता मी दिवाणातला वाजवून पाहिला आणि बंद करायला विसरलो. आईने त्याला फूल वाहिलं आणि निरांजन लावायला हातातला पितळी करंडा नेमका कडेच्या पट्टीवर टेकवला. घरभर खर्ज घुमला. मी धावलो.

"राहू दे रे," आई म्हणाली, "छान वाटतंय."

त्याच सुरावर आम्ही आरती म्हटली. एवढ्याशा खोलीच्या भिंती जरा मागे सरकल्यासारख्या वाटल्या. वाद्याला जागा लागते. सूर मात्र स्वतःच जागा करतो.

संध्याकाळी मी त्याला पुन्हा दिवाणात ठेवायला निघालो. आईने मशीनवरचे कपडे उचलले, झाकण लावलं.

"इथे ठेव. आणि उद्या मी पूजेला बसले की तोच सूर लाव."